ऑर्किडचं बार्क मिक्स आणि पाणी, आपल्या ठाण्याच्या हवेत

दरवर्षी मे महिना लागला की मला मेसेज यायला लागतात, ऑर्किडचा फोटो आणि खाली "पानं लोंबतायत गं, पाणी कमी पडतंय का?" आणि जुलैमध्ये परत तसेच फोटो येतात, तशीच मलूल पानं, फक्त यावेळी कुंडीत मुळं कुजलेली असतात. वरून बघितलं तर दोन्ही अगदी सारखं दिसतं, कारण मूळ वाळलं काय आणि सडलं काय, पानापर्यंत पाणी पोचत नाही म्हणजे नाही. लोक दोन्ही वेळेला एकच करतात, अजून पाणी घालतात. मे मध्ये झाड त्याने वाचतं, जुलैमध्ये जातं.

म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकते. बार्क (कुंडीत मातीऐवजी भरतात ती पाइनची साल) कुठलं घ्यायचं, भिजवायचं कसं, मिक्समध्ये काय काय आणि पाणी कधी, हे सगळे वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारले जातात पण माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. कुंडीत काय भरलंय आणि ती कुंडी कुठे टांगलीय यावरच पाणी ठरतं, "आठवड्यातून दोनदा" वगैरे उत्तराला काही अर्थच नसतो. युट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ थंड देशातल्या, हीटर लावलेल्या कोरड्या घरातल्या लोकांचे असतात, त्यांची अडचण ही की कुंडीत ओल टिकत नाही, म्हणून ते मॉस (वाळवलेलं, ओल धरणारं शेवाळ) घाला, बारीक बार्क घाला म्हणतात, त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर टॉवेल वाळत नाही, तिथे तेच मिक्स भरलं तर काय होणार.

आधी मुळाबद्दल थोडं, कारण हे कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. आपण जी ऑर्किड घरी आणतो, फॅलेनोप्सिस (थोडक्यात फॅल), डेंड्रोबियम, व्हँडा, कॅटलिया, ही सगळी झाडावर वाढणारी आहेत, मातीतली नव्हेत. कोकणात गेलात तर मे-जूनमध्ये आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून सीतेची वेणी लोंबताना दिसते, गुलाबी पांढऱ्या फुलांचा लांब झुपका, ती आपली इथलीच आमरी. (आसाममध्ये हेच फूल बिहूला केसात माळतात.) तिची मुळं बघा, सालीला घट्ट चिकटलेली, अर्धी तर हवेतच. धो धो पाऊस पडतो, मुळं चिंब होतात, पाऊस थांबला की वाऱ्याने सुकतात, परत पाऊस. मुळावर मृत पेशींचा एक जाड पांढरा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात, तो पाणी झटकन शोषून घेतो आणि मग आतल्या जिवंत भागाला सावकाश देत राहतो. ओलं असताना हा थर पारदर्शक होतो म्हणून आतला हिरवा रंग दिसतो, सुकला की चंदेरी. म्हणजे झाड स्वतःच सांगतं तहान लागलीय का नाही, फक्त कुंडी पारदर्शक असायला हवी. मला तर फुलांपेक्षा मुळं बघायलाच जास्त आवडतं, पाणी घातल्यावर डोळ्यांदेखत चंदेरी मूळ हिरवं होत जातं, ते बघताना सकाळचा चहा गार होतो.

आणि एक, सीतेची वेणी जंगलात दिसली तर तिथेच राहू द्या. येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, तिथून रोप काढून आणणं गुन्हा आहे, आणि शिवाय झाडावरून खरवडलेलं रोप घरात क्वचितच जगतं. नर्सरीतलीच घ्या.

आता बार्क. पाइनची साल. आपल्याकडे जे स्वस्तातलं मिळतं ते साधारण हिमाचल-उत्तराखंडकडच्या चीडच्या झाडांचं असतं, आणि महागातलं न्यूझीलंडहून येणारं, रेडिआटा पाइनचं. न्यूझीलंडचं जास्त टिकतं, तुकडे एकसारखे असतात, धूळ कमी. पण मी सगळ्यांना सांगते की आधी आपलं देशी घ्या आणि नीट चाळा, पैसे वाचतात आणि झाडाला फरक पडत नाही. घेताना काय बघायचं? तुकडा कडक पाहिजे, नखाने दाबला तर चुरा व्हायला नको. लाकूड आणि साल यात फरक आहे, पिशवीत फिकट पिवळट लाकडाच्या ढलप्या जास्त दिसल्या तर ती पिशवी घेऊ नका, लाकूड लवकर कुजतं. वास रानातल्यासारखा यावा, कुबट नको. साइज हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. फॅलसाठी मी १२ ते २० मिलिमीटरचे तुकडे वापरते, छोट्या रोपांना ६ ते १० चालतात, त्याहून बारीक जे काही असेल ते ऑर्किडच्या कुंडीत जाऊच नये. बारीक चुरा तुकड्यांमधल्या फटीत जाऊन बसतो, हवेची जागा पाण्याने भरते आणि मुळाला श्वास घेता येत नाही. म्हणून पिशवी आणली की आधी चाळायची, मोठ्या भोकाची चाळणी नसेल तर भाजी धुवायची प्लास्टिकची जाळी असते ना, ती मस्त चालते. खाली पडलेला चुरा कढीपत्त्याच्या कुंडीत.

मग भिजवणं, आणि इथे कृपा करून घाई नको. कोरडी साल पाणी पीत नाही. तिच्यात राळ असते, मेणासारखे पदार्थ असतात, झाडाची सालच ती, पाणी आत जाऊ नये म्हणूनच निसर्गाने बनवलेली. पिशवीतून काढून थेट कुंडीत भरलं आणि वरून पाणी ओतलं तर पाणी तुकड्यांवरून घसरून खालून बाहेर, तुम्हाला वाटतं मस्त पाणी दिलं आणि आत सगळं ठणठणीत कोरडं. मे महिन्यातले जे फोटो येतात ना, त्यातले अर्धे हेच असतात.

मी करते ते असं. चाळलेलं बार्क बादलीत, दोन-तीन पाण्याने धुवायचं, धूळ गेली पाहिजे. मग उकळतं पाणी ओतायचं, प्लास्टिकची पातळ बादली असेल तर जरा जपून, स्टीलचं पातेलं बरं. गरम पाण्याने राळेचा थर जरा सैल होतो, आणि आत गोगलगायीची अंडी, किडे-चिलटं काही असतील तर ती मरतात. बुरशी शंभर टक्के जाते असं नाही, पण ते ठीक आहे. बार्क तरंगत राहतं म्हणून वर एक ताटली उपडी ठेवून त्यावर वजन ठेवायचं आणि दिवसभर तसंच सोडायचं. पाणी चहासारखं लालसर होतं, ते टॅनिन, घाबरायचं कारण नाही, ते ओतून टाकायचं आणि साधं पाणी भरून अजून एक दिवस. दुसऱ्या दिवशी बरेच तुकडे जड होऊन बुडालेले दिसतात. मोठा तुकडा मधोमध तोडून बघा, आतपर्यंत रंग गडद झालाय म्हणजे झालं काम. न बुडालेले तुकडेही वापरायचे, सगळे बुडायलाच पाहिजेत असं काही नाही. आणि बादली झाकून ठेवा प्लीज, आपल्याकडे डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात, ऑर्किडच्या खालच्या ट्रेमध्येही पाणी साठू देऊ नका.

नारळाच्या सोडणाचे तुकडे बार्कऐवजी चालतात का, हे खूप जण विचारतात कारण ते स्वस्त आणि इथेच मिळतात. चालतात, पण ते स्पंजासारखे पाणी धरतात, आणि बऱ्याचदा सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असतं त्यामुळे त्यात मीठ असतं, चार-पाच वेळा पाणी बदलून भिजवावं लागतं. मी ते उन्हाळ्यात उघड्यावर टांगलेल्या झाडांना मूठभर घालते, फॅलला नाही. बाकी मिक्समध्ये लाकडी कोळसा, दगडी नव्हे आणि बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या तर अजिबात नव्हेत, आपला साधा इस्त्रीवाल्याकडचा कोळसा, बोराएवढे तुकडे करून, धुऊन, भिजवून. तो कुजत नाही, त्यामुळे बार्क मऊ पडायला लागलं तरी मध्ये हवेची जागा टिकून राहते. पक्क्या भाजलेल्या विटेचे किंवा फुटलेल्या कुंडीच्या खापऱ्यांचे तुकडे, किंवा मग ते विकत मिळणारे मातीचे गोळे. परलाईट, म्हणजे ते पांढरे हलके दाणे, मी कमी वापरते, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं.

प्रमाण किती? हे जागेवर आहे हो. माझी बाल्कनी नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर, समोर आंब्याचं झाड, वारा फारसा नाही, ओल लवकर जात नाही. तिथे फॅलला तीन वाट्या बार्क, एक वाटी कोळसा, एक वाटी विटेचे तुकडे, मॉस शून्य. माझी नणंद खारघरला वरच्या मजल्यावर राहते, समोर डोंगर, वारा असा की कपडे चिमट्यासकट उडतात, तिने माझंच मिक्स नेलं आणि एप्रिलमध्ये म्हणाली, "वहिनी, सकाळी पाणी घालते आणि संध्याकाळी मुळं पांढरी." तिच्यासाठी मग विटा काढल्या, बार्क चार वाट्या आणि ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस मूठभर, सगळ्यात मिसळून, थर करून नाही. आता तिची झाडं माझ्यापेक्षा तजेलदार आहेत. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी नणंदेचं प्रमाण धरावं, तळमजला, पहिला मजला, सावलीवाल्यांनी माझं. डेंड्रोबियमला, म्हणजे ती जांभळी सोनिया सगळीकडे मिळते ती, अजून मोकळं हवं, बार्क एक भाग आणि कोळसा-वीट मिळून तीन भाग, आणि कुंडी लहान, झाड मोठं वाटलं तरी कुंडी लहानच. व्हँडाला काहीच नको, लाकडी टोपलीत टांगायचं आणि मुळं सोडून द्यायची, पण मग उन्हाळ्यात रोज पाणी, ते जमणार असेल तरच व्हँडा घ्या.

भरताना एक गोष्ट नक्की करा. नर्सरीतून आणलेल्या फॅलची मुळं मॉसच्या गच्च गोळ्यात असतात, आणि त्या गोळ्याच्या मधोमध अजून एक छोटा स्पंज किंवा जाळीचा कप असतो, रोप अगदी लहान असतानाचा. बाहेरून मॉस कोरडं वाटतं पण आत तो स्पंज ओलाच राहतो, कूज तिथूनच सुरू होते. कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने हळूहळू काढायचं, वेळ लागतो, लागू दे. मुळं दाबून बघायची, टणक ती ठेवायची, पोकळ आणि दाबल्यावर साल निघून आत दोरा राहतो ती कापायची. कात्री दर झाडाला गॅसवर तापवून घ्यायची, ऑर्किडचे व्हायरस कात्रीवरूनच पसरतात आणि त्यावर औषध नाही. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावली तर चालते, पण फक्त कापलेल्या जागेवर, चांगल्या मुळावर नको, ती मूळ सुकवते. मग कुंडीच्या मध्ये एक छोटी जाळीची कुंडी उपडी ठेवायची, त्यावर मुळं पसरायची आणि बार्क सोडत जायचं, दाबायचं नाही, कुंडीला बाजूने टपल्या मारायच्या की तुकडे आपोआप बसतात. कुंडीच्या मधला भाग सगळ्यात उशिरा सुकतो, तिथे ही पोकळी राहिली की पावसाळ्यातही आत हवा खेळते. झाड हलत असेल तर काडीला बांधा, हलत्या झाडाची नवी मुळं टोकाला घासून मरतात. मुळं कापली असतील तर दोन-चार दिवस पाणी नको, बार्क भिजलेलं आहेच, पानांवर सकाळी हलका फवारा पुरे.

पाण्याचं आता. द्यायचं तेव्हा भरपूर, खालून धो धो वाहेपर्यंत, चमच्याने आणि बर्फाच्या तुकड्याने नाही (हो, बर्फ ठेवायचे व्हिडिओ आहेत). भरपूर पाण्याने साठलेले क्षार धुऊन जातात आणि पाण्यामागून ताजी हवा आत ओढली जाते. मग परत कधी, तर भिंतीला लागलेली मुळं चंदेरी झाली, कुंडी उचलल्यावर हलकी लागली आणि आत खुपसलेली बांबूची काडी दहा मिनिटांनी कोरडी निघाली तर. तिन्ही एकदम बघायची गरज नाही, महिनाभरात हातालाच वजन कळायला लागतं. फॅल पूर्ण खडखडीत होण्याच्या थोडं आधी, डेंड्रोबियम आणि कॅटलिया पूर्ण सुकल्यावर.

आणि हे कोणी फारसं सांगत नाही म्हणून ठळक अक्षरात लिहिल्यासारखं वाचा: बार्कचं वय वाढतं तसं पाणी बदलतं. नवीन बार्क कितीही भिजवलं तरी सुरुवातीला कमी पाणी धरतं, त्यामुळे पहिले काही महिने जरा लवकर लवकर द्यावं लागतं. नंतर ते मऊ होत जातं, जास्त ओल धरतं, मग त्याच कुंडीला त्याच जागी कमी वेळा. लोकांना नवीन असतानाच्या सवयीने हात चालवायची सवय लागते आणि दुसऱ्या पावसाळ्यात झाड जातं, म्हणतात इतके दिवस तर छान होतं.

मार्च ते मे मध्ये बार्क एकदा पूर्ण कोरडं पडलं की परत पाणी नाकारायला लागतं. तेव्हा एकदा पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, परत घाला, पहिल्या पाण्याने साल तयार होते आणि दुसरं ती पिते. किंवा कुंडी पंधरा-वीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवा, पण एका बादलीत एकामागून एक सगळी झाडं बुडवू नका, रोग असेल तर सगळ्यांना लागेल. मे मध्ये दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं, म्हणून पाणी सकाळी लवकरच. सकाळचं अजून एक कारण म्हणजे फॅलच्या मधल्या पानांच्या खोबणीत पाणी राहिलं तर रात्रीत ती जागा सडते आणि फॅलला तो एकच कोंब असतो. तिथे पाणी गेलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या.

पावसाळ्यात फॅल ग्रिलच्या आतल्या बाजूला, पावसाचा मारा लागणार नाही असं. हवेतच इतकी ओल असते की बार्क दहा-दहा दिवस सुकत नाही, तेव्हा हात आवरा आणि छोटा टेबल फॅन लावा, पाण्यापेक्षा वारा मोलाचा. डेंड्रोबियम मोकळ्या मिक्समध्ये पावसात राहतात खुशाल, सलग झड लागली तर आडोसा द्या. बार्कवर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर वरून औषध मारत बसण्यापेक्षा तो भाग बदला, ही बुरशी बार्कला पाणी पिऊ देत नाही आणि मुळं ओल्या कुंडीत तहानलेली राहतात. मुळांची हिरवी टोकं कुरतडलेली दिसली तर बारीक गोगलगायी आहेत, रात्री काकडीची चकती ठेवा, पहाटे तिच्याखाली सापडतात.

पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते बोअरवेलसारखं जड नसतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर मोजा, २०० च्या आत असेल तर बिनधास्त घाला. टँकर किंवा बोअरचं पाणी येतं त्या सोसायट्यांनी मात्र मोजाच, आणि आरओचं बाहेर टाकलेलं पाणी ऑर्किडला कधीच नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. शटडाऊनसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं शिळं पाणी उत्तम, क्लोरीन उडून गेलेलं असतं. पावसाचं तर काय, सोनंच.

खत कमी आणि नेमाने. साधं १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं) एका लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसात आठवड्याला एकदा, ओल्या मुळांवर, आणि महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर सोडून सगळं धुऊन काढायचं. कुजणाऱ्या बार्कमधले जिवाणू नायट्रोजन स्वतःसाठी खातात म्हणून बार्कमधल्या झाडाला मॉसमधल्यापेक्षा थोडा जास्त लागतो, आणि १९:१९:१९ मधला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, तो झाडाला सावकाश मिळतो. आपलं पाणी मऊ असल्याने कॅल्शियमही कमी पडतं, त्यासाठी महिन्यातून दोनदा कॅल्शियम नायट्रेट, तेही अर्धा ग्रॅमच, पण दोन्ही एकत्र कालवू नका, साका होऊन खाली बसतो.

बार्क बदलायचं कधी? पुस्तकात दोन वर्षं लिहितात, आपल्या दमट हवेत मी दीड वर्षाच्या आसपास धरते, पण खरं म्हणजे तुकडा बोटात धरून चुरायचा, चुरला तर बदला. फुलं गळून गेल्यावर आणि नव्या मुळांची हिरवी टोकं दिसायला लागल्यावर सगळ्यात चांगलं, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. पहिल्या पावसाच्या आधी मुळांनी नव्या सालीला पकडून घेतलेलं असलं की पावसाळ्याची अर्धी काळजी मिटते. जुनं बार्क टाकून देऊ नका, अँथुरियमला, मनीप्लँटला छान चालतं, फक्त ज्या कुंडीत मूळ सडलं होतं तिथलं सरळ ओल्या कचऱ्यात.